गोलात कोण बसणार: नाशिकच्या प्रचाराचे शेवटचे दिवस

शुक्रवार, 15 नोव्हेंबर 2024

पुण्याहून नाशिकला एसटीने जाताना मतदारसंघ कुठे संपला हे कुणाला विचारावं लागत नाही. हात जोडलेला एक माणूस वीस-पंचवीस किलोमीटर सोबत करतो, मग हात जोडलेला दुसरा माणूस सुरू होतो. नारायणगावला एक, आळेफाट्याच्या पुढे दुसरा, संगमनेरात आणखी कुणी, सिन्नरचा घाट उतरेपर्यंत सगळ्यांचे जॅकेट आणि हसू सारखंच वाटायला लागतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या काकूंनी तर आळेफाट्यालाच खिडकीचा पडदा ओढून घेतला. ऊन येतंय म्हणाल्या.

मी मुद्दाम विधानसभेचा प्रचार बघायला निघाले होते. याच वर्षी फेब्रुवारीत आम्ही इंडोनेशियात, जकार्तात होतो. नवऱ्याची नोकरी तिथली. तिथली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक फ्लॅटच्या गॅलरीतून बघितली होती, आणि तेव्हापासून डोक्यात होतं की परक्या देशात ज्या कुतूहलाने हे बघितलं त्याच नजरेने आपल्याकडचं एकदा बघावं. आपल्या निवडणुकीत आपण राग किंवा कंटाळा घेऊनच उतरतो, तमाशा म्हणून नीट बघतच नाही.

पंचवटीत आत्याकडे पोचले तेव्हा पहिला प्रश्न आला, "लोक नाशकात त्र्यंबकला येतात, द्राक्षं खायला येतात. द्राक्षांना अजून वेळ आहे, पण म्हणून तू भोंगे ऐकायला आलीस होय गं?"

संध्याकाळी त्रिपुरारी पौर्णिमा म्हणून रामकुंडावर गेलो. गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर दिव्यांच्या ओळी, द्रोणातून सोडलेल्या वाती, त्यात एक उमेदवार आले. मागे-पुढे मिळून तीसेक माणसं. आत्याने वातींचं ताट उचलून छातीशी धरलं, म्हणाली, "तुडवतील." उमेदवाराने वाकून दिवा सोडला. त्यांच्या फोटोग्राफरला तो मिळाला नाही. मग दुसरा दिवा. तोही वाऱ्याने विझला. तिसऱ्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, सोडू नका, नुसता धरा." तो फोटो रात्री आत्याच्या व्हॉट्सॲपवर आला, महिला मंडळाच्या ग्रुपमधून, खाली अनुक्रमांक आणि चिन्ह.

शनिवार

आत्याचा मुलगा, माझा दादा, शालिमारजवळच्या एका गल्लीत फ्लेक्स छापतो. या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ कुठे घालवला असेल तर त्याच्या दुकानात, इंकच्या वासात आणि मशिनच्या घरघरीत. सभेत प्रचार दिसतो. तो बनतो कसा हे मात्र फ्लेक्सवाल्याकडे कळतं.

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर एक मुलगा कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल उघडून बसलेला. मागे उभे राहून तीन कार्यकर्ते त्याला सूचना देत होते. वाद गोलांवरून होता. फ्लेक्सच्या वरच्या पट्टीत नेत्यांचे गोल फोटो असतात ना, ते. डावीकडून पहिला कोण, दुसरा कोण, तालुकाध्यक्षाचा गोल जिल्हाध्यक्षाच्या गोलापेक्षा एक मिलिमीटर मोठा दिसतोय का. पूर्वी एका पक्षाचे चार गोल लागत. आता युती तीन पक्षांची, आघाडीही तीन पक्षांची. शिवाय दिवंगत नेते वेगळे. बाळासाहेब दोन्ही सेनांच्या फ्लेक्सवर. त्यामुळे पूर्वी नुसत्या गोलावरून फ्लेक्स कुणाचा ते कळायचं, आता कळत नाही.

त्यात तीनच दिवसांपूर्वी, 13 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने अजित पवारांच्या राष्ट्रवादीला शरद पवारांचे फोटो आणि व्हिडिओ वापरू नका, स्वतःच्या पायावर उभे राहा असं बजावलं होतं. घड्याळ चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे ही ओळ त्यांना जाहिरातीत छापावी लागते, ते आधीपासून होतंच. दादाने 13 तारखेच्या रात्री सगळ्या जुन्या फायली पुन्हा उघडून तपासल्या. "एखाद्या कोपऱ्यात जुना गोल राहिला तर भानगड त्यांची, पण खाली नाव माझं," तो म्हणाला. खरंच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि फलकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून इतक्या भव्य चेहऱ्याच्या पायथ्याशी मुंगीएवढ्या अक्षरात माझ्या आत्येभावाचं नाव असतं.

मी त्याला 2009 पासूनच्या फायली दाखवायला सांगितल्या. त्याने पाठोपाठ पाच-सहा उघडल्या. सलग बघितल्यावर जे दिसलं ते असं: चिन्ह लहान होत गेलंय. 2009 च्या फ्लेक्सवर चिन्ह हा मुख्य ऐवज, उमेदवार कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा. 2014 ला दोन्ही बरोबरीचे. 2024 ला उमेदवाराचा चेहरा कमरेपासून वर, पूर्ण उंचीचा, आणि चिन्ह उजवीकडे खाली. एका फायलीत तर चिन्ह जवळजवळ विसरलेच होते. दादाने आठवण केली म्हणून टाकलं.

याचं कारण लोक 'व्यक्तिपूजा' असं एका शब्दात देऊन टाकतात. मला ते अपुरं वाटतं. पक्षावर भरवसा ठेवायचा म्हटलं तरी तो ठेवायचा कुठे? 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी. नाव कुणाकडे, चिन्ह कुणाकडे, मूळ पुरुषाचा फोटो कुणाकडे हे ठरवायला निवडणूक आयोग आणि कोर्ट. मतदाराच्या हातात ओळखीची म्हणून एकच वस्तू राहते, ती म्हणजे समोरच्या माणसाचं तोंड. पक्ष जितका पातळ, तितका फ्लेक्स मोठा.

जकार्तात हेच होतं, फक्त वेगळ्या वाटेने आलेलं. सुहार्तो 32 वर्षांच्या सत्तेनंतर मे 1998 मध्ये पायउतार झाले, 1999 ला पहिली मोकळी निवडणूक झाली, 2004 ला लोकांनी पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष थेट निवडला. संसदेसाठी 2009 पासून तिथे पक्षाच्या यादीतल्या ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. म्हणजे एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांचे प्रतिस्पर्धी. मग पक्षाची जाहिरात करून फायदा काय? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकाच पक्षाच्या सहा जणांचे फलक एकमेकांना झाकत उभे होते, वारा आला की एकाच्या गालातून दुसऱ्याचं कपाळ डोकावायचं. आणि वरच्या पातळीवर काय? प्राबोवो सुबियांतो राष्ट्राध्यक्षपदाला 2014 मध्ये जोको विडोडोंकडून हरले, 2019 ला पुन्हा हरले, त्यांच्याच मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले आणि 2024 ला त्यांच्याच मुलाला उपाध्यक्षपदाचा जोडीदार घेऊन जिंकले. हे वाचून महाराष्ट्रातल्या कुणालाही धक्का बसायचं कारण नाही.

पण मला दुकानात खरी गंमत रंगाची वाटली. प्राबोवो माजी जनरल, दरारा असलेले, मानवी हक्कांच्या आरोपांचं ओझं पाठीवर. वयाच्या 72 व्या वर्षी त्यांच्या प्रचारवाल्यांनी त्यांना फिकट आकाशी शर्ट घातला, संगणकाकडून गुबगुबीत गालांचं कार्टून काढून घेतलं आणि स्टेजवर दोन-चार पावलं नाचवलं. तरुण मुलांनी तो नाच मोबाईलवर लाखो वेळा फिरवला. 58 टक्क्यांवर मतं मिळाली, दुसऱ्या फेरीची गरजच पडली नाही. आणि इकडे अजितदादा! पहाटे सहाला कामाला लागणारे, कुणालाही तोंडावर झापणारे, त्यांनी ऑगस्टमध्ये गुलाबी जॅकेट घातलं. त्यांची प्रचाराची जनसन्मान यात्रा निघाली ती आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीतूनच. दादाच्या दुकानात त्या गुलाबीचा नेमका नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. थोडा इकडे-तिकडे झाला की फ्लेक्स परत येतो म्हणे. कडक माणसाला मऊ रंग द्यायचा हा नुस्खा जकार्ता आणि दिंडोरी यांनी एकमेकांना विचारून केलेला नाही. दोन्हीकडे सल्लागार आहेत आणि दोन्हीकडे त्यांना बायकांची आणि तरुणांची मतं हवी होती, इतकंच. इकडे सोबतीला लाडक्या बहिणीचे महिन्याचे 1500 रुपये होते, त्यामुळे रंगाने किती काम केलं आणि पैशाने किती, हे वेगळं काढता येणार नाही.

विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख. जिल्हा प्रशासन दरपत्रक काढतं. खुर्ची, चहा, वडापाव, फ्लेक्सचा चौरस फूट, ढोलताशा, सगळ्याचा दर ठरलेला. मी दादाला विचारलं, दरपत्रकातला भाव आणि तुझा भाव एकच का? त्याने मशिनचा आवाज वाढला असल्यासारखं केलं.

रविवार

शेवटचा रविवार. सकाळी सातपासून सिडकोत. त्रिमूर्ती चौकात तीन वेगवेगळ्या पक्षांचे ढोल एकमेकांच्या अंगावर वाजत होते. नाशिक ढोलाबद्दल एक सांगायला हवं: केरळात 'नासिक डोल' या नावाने तो इतका रुजलाय की तिथल्या निवडणुकीच्या मिरवणुकीतही तोच घुमतो. कांदा, द्राक्षं, वाइन यांच्या निर्यातीचं कौतुक सगळे करतात, ढोलाचं कुणी करत नाही.

मी एका पदयात्रेच्या शेपटाला लागले. पुढे जेसीबी, त्याच्या दातेरी खोऱ्यात झेंडूच्या पाकळ्या. त्याच्या मागे एलईडी लावलेला चित्ररथ, त्यावर उमेदवाराचाच व्हिडिओ, म्हणजे उमेदवार स्वतःच्या चित्रामागून चालत होते. दारोदारी औक्षण. एका दारात बाईंनी ओवाळल्यावर त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, तसा बाजूचा कार्यकर्ता कुजबुजला, "भाऊ, ताटात नको, मोबाईल चालू आहेत." आचारसंहितेत आरतीच्या ताटातली नोट म्हणजे मतदाराला पैसे. भाऊंनी तोच हात फिरवून नमस्काराला जोडला. इतकी चपळाई मी त्या दिवशी भाषणात कुणाच्याच पाहिली नाही.

यात्रेतल्या बायकांशी चालता चालता बोलणं झालं. दोघी-तिघी सकाळी एका पक्षाच्या, दुपारून दुसऱ्या पक्षाच्या फेरीला जाणार होत्या. उपरणं बदललं की झालं. हे ऐकून शहरी माणूस लगेच 'विकत घेतलेली गर्दी' म्हणून नाक मुरडतो. पण मग प्रश्न पडतो की या बायका मत देतीलच याची खात्री नाही हे पैसे देणाऱ्याला कळत नाही का? चांगलं कळतं. मग तो पैसा कशाचा?

उत्तर मला पवननगरच्या कोपऱ्यावर मिळालं. तिथे यात्रा थांबली, कारण एका प्रभागातली माणसं संपून दुसऱ्या प्रभागातली जोडली जाणार होती. एक माजी नगरसेवक आपली दीडशे माणसं घेऊन आधीच उभे. त्यांनी उमेदवाराला हार घातला आणि माणसांकडे हात करून दाखवलं, दुकानदार गिऱ्हाइकाला माल दाखवतो तसं. नाशिक महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली. तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता. 122 जागांवर डोळा लावून बसलेली सगळी मंडळी तेव्हापासून पदाविना होती, आणि विधानसभेचा हा प्रचार त्यांची परीक्षा होता. उमेदवार निवडून आला तर उद्या महापालिकेचं तिकीट कुणाला द्यायचं हे तो याच कोपऱ्यावर ठरवतोय. म्हणजे आपण समजतो की गर्दी उमेदवाराला बघायला आली. खरं तर उमेदवार गर्दी बघायला आलेला असतो. शिवाय बिल्डर गॅलरीतून बघतो, पत्रकार बघतो, समोरच्या पक्षातला कुंपणावर बसलेला बघतो. मतदाराचं मत यातून फिरो न फिरो, देणगीदाराचं आणि कार्यकर्त्याचं नक्की फिरतं. जकार्तातल्या स्टेडियममध्ये शेवटच्या सभेला बसगाड्या भरभरून माणसं आली होती, तेव्हा मी ती मतं समजून मोजत होते. ती वेगळ्याच खात्यात जमा होत होती.

यावर कुणी म्हणेल, मग गर्दी म्हणजे सगळंच. तेही नाही, आणि त्याचा पुरावा नाशिकएवढा दुसरीकडे मिळणार नाही. 2009 ला शहरातल्या तिन्ही जागा मनसेने घेतल्या. 2012 ला 122 पैकी 40 नगरसेवक आणि महापौर. पक्ष म्हणजे एकच माणूस, एकच आवाज. सभा अशी व्हायची की लोक भाकरतुकडा घेऊन तासभर आधी जागा धरायचे, आत्या सांगते. 2017 ला नगरसेवक उरले 5. सभांची गर्दी तेव्हाही होती. आजही होते. लोक ऐकतात, हसतात, मिमिक्रीला टाळ्या देतात, घरी जातात. नुसत्या आवाजावर उभा असलेला पक्ष नगरसेवक सोडून जायला लागल्यावर त्यांना कशाने बांधून ठेवणार?

दुपारी मिसळ. नाशकात राजकारण आणि मिसळ यांची फारकत करता येत नाही. नाराज गट आहे असं कळलं की आधी मिसळ पार्टी ठरते. मखमलाबादच्या रस्त्यावर एका मळ्यात चुलीवरच्या रश्श्याभोवती चार उमेदवारांचे लोक वेगवेगळ्या टेबलांवर बसले होते, पण पाव एकमेकांकडे सरकवत होते. रश्शाला नावं ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळच्या चौकसभेचं फार काही लिहिण्यासारखं नाही. धूर सोडणारं मशीन, कागदी चमचमाट, उमेदवाराच्या नावाचं गाणं, मग सव्वा तास उशिराने उमेदवार. भाषणात समोरच्याचा बाप, आपला बाप, गद्दार, निष्ठावंत. गोदावरीत सोडलं जाणारं सांडपाणी, उन्हाळ्यात घाटाखाली पसरणाऱ्या पाणवेली, मुंबई महामार्गाचे खड्डे यांना मिळून जेमतेम दोन मिनिटं. ढोल वाजवणारी पोरं पाठीमागे बसून मोबाईलवर क्रिकेट खेळत होती.

सोमवार

प्रचाराचा शेवटचा दिवस, म्हणून सगळे शहरात थांबले आणि मी शहराबाहेर पडले. दादाची डिलिव्हरीची गाडी पिंपळगाव बसवंतला जाणार होती, तिच्यात बसले. ओझरच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, छाटणी होऊन घड धरलेले. ड्रायव्हर म्हणाला, बागाईतदार आत्ता घरी नसतोच, औषध मारत असतो, त्याला पदयात्रा कोण दाखवणार?

पिंपळगावला याच वर्षी 15 मे रोजी पंतप्रधानांची सभा झाली होती. भाषण रंगात आलेलं असताना गर्दीतून एक तरुण ओरडला, कांद्यावर बोला. क्षणभर सगळं थबकलं. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. मार्केटमधले हमाल अजूनही ते सांगताना हसतात. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती आणि उन्हाळ कांद्याच्या हंगामात भाव पडले होते. मेच्या सुरुवातीला बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. इतक्या खर्चाने उभारलेल्या मांडवात त्या एका वाक्याला माईक लागला नाही. दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री पडल्या आणि भास्कर भगरे नावाचे शिक्षक खासदार झाले.

पण त्याच निकालाला एक पुरवणी आहे आणि ती मला जास्त विचार करायला लावते. भगरे सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक भगरे होते, अपक्ष, त्यांचं चिन्ह पिपाणीसारखं वाद्य, त्यालाही मराठीत तुतारीच म्हटलेलं. गावोगाव ज्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, ज्यांची सभा नाही, फेरी नाही, त्यांना एक लाखाहून जास्त मतं पडली. पक्ष फुटला, जुनं चिन्ह गेलं, नवं चिन्ह तीन महिन्यांत पाठ करायचं, अशा वेळी लोक चेहऱ्याला मत देतात असं मी शनिवारी म्हटलं. पण मतदान यंत्रावर उमेदवारांचे फोटो असूनही हे झालं. ज्याचा चेहरा फ्लेक्सवर कमी दिसला, त्याच्यापुढे हा धोका उभा राहतो. उमेदवार मोठे फ्लेक्स का लावतात याचं याहून प्रामाणिक कारण दुसरं सांगता येणार नाही.

परतताना नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो. प्रचार संपायला तास उरला होता. मतदान संपण्याच्या आधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद, असा नियम. त्यामुळे शेवटच्या तासात सगळ्यांच्या गाड्या एकदम बाहेर. एका चौकात चार डीजे, चार पक्षांची गाणी, त्यातून मधेच एक रुग्णवाहिका, तिला मात्र सगळ्यांनी वाट दिली. मग वेळ संपली आणि एकेक आवाज बंद पडत गेला. वीस मिनिटांत चित्ररथावरचे पडदे उतरवायला सुरुवात झाली. जकार्तात शांततेचे तीन दिवस मिळतात आणि त्यात सगळे फलक उतरवतात. तिथल्या पालिकेची माणसं रात्रभर बांबू उपटत फिरत होती. इथे फ्लेक्स उतरले की दादाच्या दुकानात परत येत नाहीत. गोठ्यावर, वीटभट्टीवर, कांदाचाळीवर ताडपत्री म्हणून जातात. ड्रायव्हर म्हणाला, ज्याचं कापड जाड त्याला गावात किंमत.

मंगळवार

सकाळी काळाराम मंदिरात. जानेवारीत दहा दिवसांच्या अंतराने दोन मोठे नेते इथे येऊन गेले: 12 ला पंतप्रधान, 22 ला उद्धव ठाकरे. दोन्ही वेळी कॅमेऱ्यांची रांग महाद्वाराबाहेरपर्यंत होती. 2 मार्च 1930 ला याच दारासमोर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि दार उघडलं गेलं नाही. बाबासाहेब पुढे 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत म्हणाले की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेऊ शकेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य आता सगळ्याच पक्षांचे लोक वापरतात, आणि वापरताना मागे आपल्या नेत्याचा वीस फुटी फोटो असतो.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, ऐंशीला टेकलेत. त्यांच्या मते पूर्वी असं काही नव्हतं. मग त्यांनीच जे सांगितलं त्यातून उलटं निघालं. सप्टेंबर 1950 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नाशकात भरलं होतं, काकांचे वडील ते बघायला गेले होते. अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन, पटेलांच्या पाठिंब्याने निवडून आलेले. नेहरूंना ते नको होते. वर्षभरात टंडनांना राजीनामा द्यावा लागला आणि नेहरू स्वतःच पक्षाध्यक्ष झाले. लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक. नेहरूंनी विमान, मोटार, रेल्वे आणि होडी मिळून 40 हजार किलोमीटरचा दौरा केला, आणि उमेदवार कोण हे न विचारता लोकांनी बैलजोडीवर मतं दिली, कारण नेहरू सांगत होते. लोकशाही नवी असताना पक्षाने माणसापुढे मान तुकवली, ती नाशिकच्या अधिवेशनानंतर वर्षभरात. फ्लेक्सचं यंत्र यायला तेव्हा अर्धशतक होतं.

आणि याच नाशिकने बिनप्रचाराची निवडणूकही बघितली. चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री, असं सगळे म्हणत होते. लोकसभेवर जायला त्यांना मतदारसंघ हवा होता. नाशिकने तो दिला, बिनविरोध. काका तेव्हा शाळेत. "एक पत्रक नाही, एक भोंगा नाही," ते अभिमानाने म्हणाले. मला वाटलं, व्यक्तीवरच्या भरवशाचं हे सर्वांत मोठं उदाहरण, आणि त्यात तमाशा शून्य. माणूस खरोखर मोठा असला की ढोल लागत नाही हे एक, आणि मतदाराला निवडायलाच काही उरत नाही हे दुसरं. काकांना दुसरं पटलं नाही. आत्या आतून म्हणाली, "लोकांना मत द्यायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, इतकंच म्हणतेय ती."

दुपारी दारावर दोन तरुण येऊन गेले. मतदार चिठ्ठ्या दिल्या, घरात किती मतं ते विचारलं, वहीत टिंब केलं. भोंगा बंद झाल्यावर सुरू होतो तो हा वहीचा प्रचार. रात्री काय वाटलं जातं त्याला इथे लक्ष्मीदर्शन म्हणतात; इंडोनेशियात तेच पहाटे होतं आणि त्याला 'सेरांगान फाजार' म्हणतात, पहाटेची धाड. आमच्या आत्याकडे लक्ष्मी आली नाही. या गल्लीत काकांच्या चाळीस वर्षांच्या ओळखी आहेत, म्हणून कदाचित नाही. समोरच्या चाळीचं मी विचारलं तर आत्याने विषय बदलून भाकरीच्या पिठाचं काढलं.

माझं मत पुण्यात, त्यामुळे संध्याकाळच्या गाडीने निघाले. सिन्नरच्या अलीकडे भरारी पथकाने बस थांबवली, रॅकवरच्या पिशव्या खाली काढायला लावल्या. माझ्या पिशवीत चिवडा होता. मे महिन्यात नाशिकच्या हेलिपॅडवर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या बॅगा तपासल्या तेव्हा कॅमेरे होते, आणि या निवडणुकीत तर बॅग तपासून घेतानाचा व्हिडिओ टाकणं हाच प्रचाराचा एक प्रकार झाला. आमच्या बसमध्ये कॅमेरा नव्हता. पथकातल्या हवालदाराने चिवडा हुंगून परत दिला.

शनिवार, 23 नोव्हेंबर

निकालाच्या दिवशी दुपारी दादाला फोन केला. जिल्ह्यातल्या 15 पैकी 14 जागा महायुतीला, आणि मालेगाव मध्यमध्ये फरक अवघ्या 162 मतांचा. दादा मशिनवरच होता. 'प्रचंड मतांनी विजयी' हे फ्लेक्स त्याने गुरुवारीच तयार करून ठेवले होते, एकाच मतदारसंघाच्या दोन्ही उमेदवारांचे. दोघांनीही ऑर्डर दिली होती. डिझाइन एकच, हार तोच, सिंहही तोच. निकाल लागला की एक फाइल मशिनला द्यायची आणि दुसरी पुसायची.

"मग पुसलेल्याचे पैसे?" मी विचारलं.

"ते आगाऊ घेतलेत," दादा म्हणाला. "2009 पासूनचा शिरस्ता आहे. हरलेला माणूस फोन उचलत नाही. आणि खरं सांगू का, जिंकलेलाही उचलत नाही."